पाय रूपीचा, नमस्कार माझा

वेवजी, २० जून २०१६

दिपक,

आशीर्वाद शेवटी देईन, वाचून तुझं डोकं ठिकाणावर राहिलं तर.

शेजारच्या भिकीच्या मुलाच्या फोनवर तुझा निरोप आला. देवेश रांगायला लागलाय, वर्षाला साड्यांवर खडे लावायचं काम मिळालंय, पोराकडे बघायला माणूस नाही, तर रूपीला सुरतेला पाठव. मुलगा निरोप सांगत होता आणि भिकी शेजारी उभी राहून मान हलवत होती, जसा काही देवेश तिच्याच मांडीवर खेळतोय.

तुझ्याशी फोनवर बोलायचं तर मी दोन शब्द बोलते, तू हॅलो हॅलो करतोस आणि रेंज गेली म्हणतोस. कागदाची रेंज जात नाही, म्हणून लिहिते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला मी जायचे तेव्हा तू हसायचास, की आई पाटी घेऊन चालली. आता वाच त्या पाटीचं.

रूपीला आत्ता पाठवता येणार नाही. तिचा पाय सुजलाय. कशाने ते विचारू नको, पाय आहे, सुजतो. शिवाय भाताची आवणी तोंडावर आहे, चिखलात माणूस लागतं. शिवाय शाळा सुरू झाली. एवढी कारणं सध्या पुरेत, कमी पडली तर आणखी कळवीन.

आणि रूपीची आई, संगिता, गेली तेव्हा रूपी देवेशएवढीच होती. तेव्हा तिच्याकडे बघायला तू माणूस कुठून आणला होतास, तेवढं आठव.

मागच्या होळीला तू भरल्या ताटावरून उठून गेलास. मी तुझ्या बायकोच्या भाकरीला पापड म्हटलं, एवढंच. ती पापडच होती. उजेडात धरली असती तर पलीकडचा डोंगर दिसला असता. त्यावर तू म्हणालास, आई, तू रानटी आहेस आणि माझ्या पोरीला पण तशीच करशील. केली. चांगली उंच झाली आहे.

देवेशला खोकला असेल तर ओवा भाजून फडक्यात बांध आणि छातीला शेक. वर्षाला येत नसेल.

तुझी आई,
बुधी


वेवजी, २८ ऑगस्ट २०१६

दिपक,

रूपीचा पाय सुजला नव्हता. म्हणजे सुजला, पण मी पत्र टाकून आले त्यानंतर. शाळेच्या मैदानातल्या खांबावर आपटला. तेव्हा माझं लिहिणं खोटं नाही, थोडं आधी झालं.

आता मैदानात ती काय करत होती ते सांगते. भिकीच्या तोंडून कळलं तर त्यात मीठमसाला फार असेल.

शाळेत श्रुतिका बाई म्हणून नवीन बाई आल्या आहेत. डहाणू रोडच्या. बाप रेल्वेत. स्कूटीवर येतात, बूट घालतात, आणि मुलींना फुटबॉल शिकवतात. रूपी रोज उशिरा यायची, लाकडं आणायची राहायची, म्हणून मी एक दिवस भांडायला गेले. भांडण नीट मनात जुळवून गेले होते. तर तिथे काय बघते, समोरून बॉल आला आणि आपल्या रूपीने असा पाय मारला की बॉल मैदानावरून, कुंपणावरून, हद्दीच्या नाल्यावरून थेट गुजरातमध्ये गेला. पलीकडच्या शेतात एक म्हातारा गवत कापत होता. त्याने बॉल काखेत घातला आणि म्हणाला, "अमारा खेतरमां आव्यो, एटले अमारो." शाळेतली सगळी माणसं या काठावर गप्प उभी. मग मी नाल्यात उतरले. त्याला विचारलं, तुझी म्हैस रोज आमच्या हद्दीत चरते, ती मग आमची का? धार काढायला भांडं घेऊन येऊ? त्याने बॉल दिला. वर काकडी दिली.

त्यामुळे बाईंशी भांडण झालंच नाही. बॉल हातात असताना भांडता येत नाही.

बाई म्हणाल्या, रूपीच्या पायात ताकद आहे, पण येईल तो बॉल ती नुसता मारते, थांबवत नाही. मी म्हटलं, चालत्या गाडीला कशाला थांबवायचं? त्यावर त्या म्हणाल्या, "आजी, मारणाऱ्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. थांबवणारी एक पाहिजे."

त्यांनी करून दाखवलं. जोरात येणाऱ्या बॉलवर तळपाय ठेवायचा, टाच खाली, बोटं वर. तुडवायचा नाही, भांड्यावर झाकण ठेवावं तसा नुसता ठेवायचा. बॉल तिथेच मरतो. मग त्याच तळव्याने त्याला मागे ओढायचं आणि वळून निघून जायचं. समोरची पोर वेगात येते आणि रिकाम्या जागेवर पाय मारते. बघायला मजा आहे. बाजारात घासाघीस करताना मी तेच करते, दुकानदार येतो तावातावाने आणि मी तिथे नसतेच.

शाळेत बॉल एक आणि पोरी ढीगभर, रूपीच्या वाट्याला येतो कितीसा. म्हणून घरी ताडाची पिकली फळं घेतली. पडलेली पुष्कळ आहेत. अंगणापुढचा उतार तुला माहीत आहे, त्यावरून तू एकदा गाडग्यात बसून घसरला होतास. मी वर बसते आणि फळ सोडते, ती खाली उभी राहून अनवाणी पायाने अडवते. पहिल्या दिवशी फळांनी तिला लोळवलं. पाय ताठ ठेवला की फळ उसळून नडगीवर येतं. मी हसले तर म्हणाली, आजी, तू मुद्दाम जोरात सोडतेस. मुद्दामच सोडते. समोरची पोर काय विचारून मारणार आहे?

आता तिला जमतं. थांबव, ओढ, वळ. एवढं करून ती ओली लाकडंसुद्धा आणते.

तर ऐक. जानेवारीत डहाणूला शाळाशाळांच्या मुलींचे सामने आहेत. तिथपर्यंत तिला राहू दे. बाई म्हणतात, तिथे ती नीट खेळली तर संघात कायमची, आणि संघातल्या मुलीला शाळा दहावीपर्यंत सोडत नाही. तुझ्याकडे येऊन ती काय करेल, झोळीची दोरी ओढेल. दोरी खिडकीला बांधली तरी वाऱ्याने झोळी हलते.

आई


वेवजी, १५ ऑक्टोबर २०१६

दिपक,

तुझा निरोप मिळाला. भिकीच्या मुलाकडून दोनदा वदवून घेतला. "डहाणूत पोरीने नाव काढलं तर राहू दे. नाही तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसव." ठरलं. मी शब्दाची पक्की आहे. नाव नाही काढलं तर मीच तिचं बोचकं बांधीन आणि संजाण स्टेशनला आणून गाडीत बसवीन, तुला तिकडून यायची तसदी नको. तू कशाला यायचास, तुझ्या अंगाला इथली माती लागेल.

रूपीला हे सांगितलं. ती ताडाची उरलेली फळं टोपलीत भरून अंगणात घेऊन आली.

दसरा झाला. सुट्टीत सरावाला म्हणून बाईंनी शाळेचा नवा बॉल रूपीकडे दिला. काळापांढरा, तुकतुकीत, नव्या चपलेसारखा वास. तुला माहीत आहे, आपल्या घरात नवी वस्तू आली की पहिल्यांदा पाटावर बसते, मग कामाला लागते. विळा, कोयता, सूप, कुदळ सगळं धुऊन मांडलं आणि मधोमध बॉल ठेवला. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, बॉल सारखा घरंगळत होता म्हणून खाली चुंबळ दिली. नारळ फोडला. कोयता पोटाला घालतो म्हणून मांडतो, तर पोरीला घरात ठेवील ती वस्तू का नाही मांडायची? रूपी हात जोडून अशी बसली होती की मला वाटलं आता अंगात येतं हिच्या.

भिकी डोकावून म्हणाली, "बुधे, आज बॉलला नारळ, उद्या चपलेला फोडशील." मी म्हटलं, तुझ्या घरात पुजायला काही असतं तर तू माझ्या दारात उभी नसतीस. मग तिला खोबरं दिलं. दोन तुकडे मागून नेले.

वर्षाकडे खडे लावायची सुई असेल तर देवेशच्या हाती लागू देऊ नको.

आई


वेवजी, २० नोव्हेंबर २०१६

दिपक,

इकडे सगळं ठीक आहे. रूपी ठीक आहे. बॉल ठीक आहे. सराव ठीक चालला आहे. भात झोडून झालं.

एक विचारायचं होतं. तुमच्या सुरतेत मोठी शिकलेली माणसं असतात. पूजा केलेली वस्तू पुन्हा साधी करायची असेल तर काय करतात? गणपती बुडवतात ते मला माहीत आहे. जे बुडत नाही त्याचं काय करतात?

सहज विचारलं.

आई


वेवजी, ११ डिसेंबर २०१६

दिपक,

तू एवढ्या दिवसांत माझ्याशी बोलला नाहीस, आणि बोललास तर काय, "आई, काय बुडवलंस?" भिकीच्या अख्ख्या घरादारासमोर मुलाने तो फोन मोठ्याने लावला. आता सगळा पाडा मला विचारतो, काय बुडवलंस.

बॉल बुडवला. बुडाला नाही. आता सगळं सांगते.

दिवाळीनंतर तलासरीच्या एका शाळेबरोबर सरावाचा सामना झाला. मी नव्हते गेले, झोडणी चालू होती. रूपी घरी आली ती कोपऱ्यात बसली, जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, पोट भरलं. तिचं पोट कधी भरत नाही, म्हणून मला कळलं काहीतरी बिनसलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला शाळेत बोलावलं.

झालं असं. बॉल जोरात आला आणि रूपीने तळव्याखाली असा थांबवला की बाई म्हणतात मी टाळ्या वाजवायला हात उचलले. आणि मग रूपी वाकली, बॉलला हात लावला आणि कपाळाला लावला. शिट्टी. फुटबॉलमध्ये हात लावायचा नसतो, लावला की बॉल समोरच्यांना देतात. पुन्हा बॉल आला, पुन्हा थांबवला, पुन्हा वाकली. शिट्टी. बाईंना वाटलं पोरीच्या पायात काटा घुसलाय. तिसऱ्यांदा ती गोलच्या अगदी जवळ वाकली, त्यावर समोरच्यांनी गोल मारला. शुक्री, ती आपली पुढे खेळते, तिने रूपीला विचारलं की तू आपल्याकडून आहेस का त्यांच्याकडून.

बाईंनी मला विचारलं, "आजी, ही असं का करते?"

आता मी काय सांगू? म्हटलं, पुजलेल्या वस्तूला पाय लागला तर माणूस दुसरं काय करेल?

तुलाही मी तेच शिकवलं. सुपाला पाय लावून तसाच खेळायला पळालास तेव्हा भिकीच्या दारातून कान धरून परत आणलं होतं आणि नमस्कार करायला लावला होता, तोही उजव्या हाताने, कारण तू डावा पुढे केलास. सुरतेत गेल्यावर तू ते विसरला असशील. तिथे माणसं माणसांवर पाय देऊन चालतात असं ऐकते. रूपी विसरत नाही. ताडाच्या फळाला ती कधी वाकली नाही, कारण ते फळ होतं. बॉल आता फळ नाही.

मी राखेने कुंकू घासून काढलं. म्हटलं, बघ, झाला पुन्हा साधा. ती म्हणाली, "आजी, देव असा पुसता येतो का?" हे मीच तिला कधीतरी शिकवलं असणार, दुसरं कोण शिकवतं इथे.

मग नदीवर नेला. हात जोडले, पाण्यात सोडला. तो हसत वर आला. दाबला, पुन्हा वर. मी लुगडं खोचून कमरेइतक्या पाण्यात, आणि काठावर भिकी धुणं सोडून बघत उभी. बॉल बुडायला तयार नाही आणि भिकी जायला तयार नाही.

मग शुक्रा भगताकडे गेले. त्याने बॉल फिरवून फिरवून बघितला, कानाला लावला. म्हणाला, "बुधीबाई, मी त्रास देणारं काढतो. हा काही त्रास देतो का? जेवण मागतो? झाडाला लटकतो?" म्हटलं, नाही. "मग चांगला आहे, राहू दे." सुपारी मात्र ठेवून घेतली.

बाईंनी दुसरा बॉल आणला, न पुजलेला. रूपीने त्यालाही नमस्कार केला. म्हणाली, हा त्याचा भाऊ आहे.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. त्या म्हणाल्या, आजी, ती मुलींमध्ये सगळ्यात चांगली आहे, पण डहाणूत असं करेल तर मला तिला बाहेर बसवावं लागेल. रूपी तिथेच उभी होती. घरी येताना वाटेत म्हणाली, आजी, सुरतेला ताडाची झाडं आहेत का?

मी तुला हे कळवायला नको होतं. कळवलं तर तू म्हणशील, बघ, बोचकं बांध. पण नदीतलं भिकीने बघितलंच आहे. दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. बोचकं मी जानेवारीआधी बांधणार नाही.

आई


वेवजी, ८ जानेवारी २०१७

दिपक,

तोडगा निघाला. मीच काढला, भगत आणि बाई बसले असते विचार करत.

सकाळी दिवा लावत होते. रूपी शाळेत जायची घाई करत होती, दिव्यापुढे हात न जोडताच निघाली. हाक मारणार होते, मग सुचलं. तिला दारातून परत बोलावलं आणि विचारलं, तू शाळेत असतेस तेव्हा दिवा कोण लावतं? म्हणाली, तू. मग तो देवाला तुझ्याही वाटचा पोचतो की नाही? म्हणाली, पोचतो. मी म्हटलं, मग झालं तर. "तू पाय ठेव. नमस्कार माझ्याकडे."

तिने विचार केला. आपल्यासारखीच आहे, लगेच हो म्हणत नाही. मग विचारलं, तू बघत नसशील तर? म्हटलं, मी बघीन. पुन्हा विचारलं, लगेच करशील की नंतर सगळे मिळून करशील? म्हटलं, तुझा पाय पडला की माझा हात जमिनीला.

तेव्हापासून रोज मैदानाच्या कडेला उभी आहे. ती बॉल थांबवते, माझ्याकडे बघते, मी वाकून जमिनीला हात लावते आणि कपाळाला लावते, मग ती बॉल ओढते आणि वळते. पहिले काही दिवस तेवढ्या वेळात समोरची पोर येऊन बॉल घेऊन जायची. बाई म्हणाल्या, आजी, जरा लवकर. मला. या वयात. आता मी बॉल येताना दिसला की आधीच वाकायला लागते आणि रूपी नुसती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. शिट्टी वाजत नाही. रात्री कमरेला शेक देते.

भिकी म्हणते, बुधी म्हातारपणी खेळाडू झाली. म्हटलं, तू पण ये, तुझंही पोट कमी होईल. आली. माझ्या शेजारी बसून शेंगा खाते.

सामने महिनाअखेरच्या रविवारी, डहाणूला. तुला ये म्हणत नाही. तारीख नुसती कळवते.

आई


वेवजी, ३० जानेवारी २०१७

दिपक,

काल आम्ही डहाणूला गेलो. जीपमध्ये पोरी, बाई, मी, भिकी आणि भिकीच्या शेंगा. मैदानावर ही गर्दी. समुद्राचा वारा. आपल्या पोरींनी पहिल्यांदाच बूट घातले होते, बाईंनी कुठून तरी मागून आणलेले, रूपीच्या बुटात पुढे कापूस भरला होता. ती मला म्हणाली, बूट घातल्यावर पाय लागला तरी नमस्कार लागतो का? म्हटलं, लागतो. वहाणेने लागला तरी पायच.

समोर शहरातली शाळा. सगळ्यांचे मोजे सारखे.

पहिला अर्धा वेळ बरा गेला. रूपीचा पाय बॉलवर पडला की मी कडेला वाकते, ती वळून पसार. त्यांची एक उंच पोर होती, ती दर वेळी रिकाम्या जागेवर लाथ मारायची आणि आपल्याच पायाकडे बघायची. मी एवढी वाकले की माझ्या शेजारचा चिकूवाला म्हणाला, आजी, काही हरवलंय का, मी शोधू का?

मग त्यांच्याकडची एक बाई पंचाकडे गेली. गॉगल घातलेली. म्हणाली, ती म्हातारी जमिनीला हात लावून मंत्र टाकते, ती वाकली की आमच्या मुलींकडून बॉल जातो. पंच म्हणजे पोरगाच, मिशी अजून ठरलेली नव्हती. माझ्याकडे आला. बाईंनी मध्ये पडून सांगितलं, आजींना कमरेचा व्यायाम सांगितलाय डॉक्टरांनी. मी म्हणणार होते की मला मंत्र येत असते तर आधी तुझ्या मिशा आणल्या असत्या, पण रूपी बघत होती म्हणून गिळलं. माझ्या आयुष्यात मी फार थोडं गिळलं आहे. पंच म्हणाला, आजी, मागे दोरीच्या पलीकडे जाऊन करा.

दोरीच्या पलीकडे माणसांच्या पाठी. पुढे होऊ देईनात. भिकीने कोपर मारून पाहिलं, तर एका पाठीने तिलाच ढकललं. मला बॉल दिसेना, रूपी दिसेना. फक्त दोन खांद्यांमधून एक फट होती आणि तिच्यातून दिसत होती मैदानाच्या पलीकडची उसाच्या रसाची गाडी.

तेवढ्यात सगळे ओरडायचे थांबले. बाईंचा आवाज आला, "रूपी, ओढ!" मग पुन्हा, "ओढ ना!" आणि मला कळलं. तिचा पाय बॉलवर आहे आणि ती मला शोधते आहे आणि मी नाही. आता ती वाकणार. मी कोणाच्या तरी पाठीवर थापा मारत होते, सरक मेल्या, सरक.

आणि त्या फटीतून बघते, तर रसाच्या गाडीजवळ एक माणूस. मोटरसायकलवाले बांधतात तसा रुमाल तोंडाला, नाकापर्यंत. हातात रसाचा ग्लास. तो मैदानात रूपीकडेच बघत होता. त्याने ग्लास आधी डाव्या हातात घेतला. मग वाकला, उजवा हात जमिनीला लावला आणि कपाळाला लावला. पटकन, काही खाली पडलं होतं ते उचलल्यासारखं.

मला बॉल दिसला नाही. मला तू दिसलास.

सगळं मैदान ओरडलं. मागाहून कळलं की रूपीने बॉल ओढला, वळली, शुक्रीला दिला आणि शुक्रीने गोल मारला. भिकीने आनंदात सगळ्या शेंगा माझ्या डोक्यावर उधळल्या. मी पुन्हा फटीतून बघितलं तर गाडीजवळ अर्धा ग्लास नुसता ठेवलेला. तुझी सुरतेची गाडी असेल. टाकून दिलेलं अन्न मला आवडत नाही हे तुला माहीत आहे, पण रस होता, जाऊ दे.

तो सामना आपण जिंकलो. दुपारचा हरलो. मधल्या वेळात पोरींनी वडापाव आणि चिकू खाल्ले, त्यानंतर कोण पळतं? पण बाईंनी रूपीला संघात घेतलं, कायमची. आज शाळेच्या फळ्यावर नाव लिहिलंय. मी स्वतः जाऊन वाचलं, रू दीर्घ काढलाय. तेव्हा बोचकं बांधत नाही. ठरलं होतं तसंच झालं, आणि तू स्वतः साक्षीला होतास, त्यामुळे आता रेंज गेली म्हणू नको.

परत येताना जीपमध्ये रूपी माझ्या मांडीवर पाय टाकून झोपायला लागली. मध्येच डोळे उघडून म्हणाली, "आजी, तू नव्हतीस ना, मग समोरच्या एका माणसाने केला नमस्कार. म्हणून मी ओढला. कोण होता तो?"

म्हटलं, असेल कोणी. चांगल्या वळणाचा दिसला.

वर्षाला सांग, देवेशला घेऊन होळीला ये. पोरगं आता उभं राहत असेल, म्हणजे पाय कुठेही पडणार, नमस्काराचं मला लवकर शिकवायला हवं. येताना भाकऱ्या तिनेच करून आणाव्यात. मी खाईन आणि पाणी पिईन, त्या पलीकडे तोंड उघडणार नाही. भिकीला शेजारी बसवते, मी काही बोलले तर ती तुला सांगेलच.

रूपीला अजून सांगितलं नाही. येताना तोंडाचा रुमाल सोडून ये, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.

आता आशीर्वाद.

आई